शाफ्टवाली गाडी स्पितीला नेताय? आधी मागचं ऑइल उघडून बघा

पुणे ते मनाली याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ९.०२ किलोमीटरचा अटल टनेल ओलांडला की कोकसरपर्यंतचा रस्ताही उत्तम. हा वृत्तांत ग्राम्फू ते बाटल या पन्नासेक किलोमीटरचा आणि त्या पट्ट्याने माझ्या मोटरसायकलच्या शाफ्ट ड्राइव्हचं, म्हणजे चेनऐवजी मागच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचं, काय केलं त्याचा आहे.

निघण्याआधी मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ठामपणे सांगितलं होतं की शाफ्टला काही करावं लागत नाही. गाडी विकणारा, सर्व्हिस करणारा आणि बरोबरचा एक अनुभवी रायडर. चेन नाही, त्यामुळे ल्यूब नाही, ताण बघणं नाही, स्प्रॉकेट झिजणं नाही, इथवर ते खरं आहे. त्यापुढचं साफ खोटं आहे. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव दिलं की चर्चा कंपनीवर जाते, आणि खालचं सगळं बीएमडब्ल्यूच्या जीएसपासून ट्रायम्फच्या टायगर १२०० आणि मोटो गुझीपर्यंत प्रत्येक शाफ्टवाल्याला लागू आहे.

रोहतांगचा फाटा सोडून छत्रूकडे वळलात की रस्ता संपतो. बीआरओचं, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेचं, काम सुरू असतं, मधूनमधून बरा तुकडा लागतो, पण त्याच्या भरवशावर वेळेचा हिशेब करू नका. चंद्रा नदीच्या कडेने गोट्यांवरून जायचं आणि वरच्या हिमनद्यांचं पाणी आणणारे नाले ओलांडायचे. सकाळी पोटरीच्या खाली असणारं पाणी दुपारी दोननंतर गुडघ्याला लागतं, कारण दिवसभर वर बर्फ वितळत असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मनालीतून निघायलाच लोक नऊ वाजवतात. पहाटे पाचला निघा. नाश्ता छत्रूला करा.

आम्ही वेळेत होतो, पण छोटा दाराच्या पुढे एका नाल्यात ट्रक अडकला. त्याच्या मागे दोन जीप आणि त्यांच्या मागे मी, पाण्याच्या मधोमध. मागे वळवायला जागा नव्हती. मागच्या चाकाचा हब पाण्याखाली, इंजिन चालू आणि पाय गोठलेले. ट्रक निघेपर्यंत गाडी तशीच उभी राहिली.

नेमकं नुकसान इथेच होतं, म्हणून जरा खोलात सांगतो. गोट्यांवरून तासन् तास चालून फायनल ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकाजवळची गिअरची पेटी, चांगली तापलेली असते. ती अचानक बर्फाच्या पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरून ओढून घ्यायला लागते. पेटीवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छिद्र, असतो, तोच पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. चाक पाण्यातून पटकन निघून गेलं तर फारसं काही होत नाही. उभं राहिलं तर होतं. पाणी किती खोल होतं यापेक्षा गाडी त्यात किती वेळ उभी होती हे जास्त महत्त्वाचं, आणि ही गोष्ट मला आधी एकानेही सांगितली नव्हती.

बाटलला ब्रीदरभोवती पांढरट फेस दिसला. साडेचार हजार मीटरवरची कुंजुम खिंड आम्ही फक्त ओलांडली, थांबलो नाही. स्पितीतल्या काझाला पोचल्यावर ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं खालचं बूच, उघडला तर कटिंग चहाच्या रंगाचं तेल बाहेर आलं. असं दुधाळ तेल म्हणजे पाणी, दुसरं काहीही नाही. या पेटीत पिनियन (लहान गिअर) आणि क्राउन व्हील (मोठा गिअर) काटकोनात एकमेकांवर दाबाखाली घासत फिरतात, आणि त्यांना वाचवतो तो तेलाचा पातळ थर. तेलात पाणी मिसळलं की तो थर तुटतो आणि बेअरिंगला गंज धरायला सुरुवात होते. अशा तेलावर 'शिमल्यापर्यंत जाऊन बघू' असं करू नका.

आता लुबाडणुकीबद्दल. तिथल्या एका मेकॅनिकने गाडी बघताच सांगितलं की सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी, गेलं आहे, चाक आणि फायनल ड्राइव्ह खोलावा लागेल, दोन दिवस लागतील, १४,००० रुपये होतील. सील गेलेलं नव्हतं. ते ओळखायची पद्धत सोपी आहे: रिमची आतली बाजू आणि डिस्कच्या मागची जागा कोरड्या टिश्यूने पुसा, गाडी दहा किलोमीटर चालवा, पुन्हा पुसा. टिश्यू कोरडा निघाला तर सील ठीक आहे. माझा निघाला. मग त्याच माणसाने गिअर ऑइलचा एक लिटरचा डबा छापील किमतीच्या दुप्पट भावाला दिला. घ्यावा लागला. ज्याच्याकडे शाफ्टवाली मोठी गाडी आहे त्याच्याकडे पैसे असणारच, असा तिथे हिशेब आहे, म्हणून गाडी खोलायला कोणाच्याही हातात देऊ नका.

घरून न्यायचं सामान एका छोट्या पिशवीत मावतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर ऑइल अर्धा लिटर, कारण बहुतेक गाड्यांत एका वेळी पाव लिटरच्या आतबाहेरच लागतं. ड्रेन प्लग आणि फिलर प्लग (तेल भरायचं बूच) यांचे नवे वॉशर, प्रत्येकी दोन. तुमच्या प्लगला नेमकी बसणारी ॲलन किंवा टॉर्क्स की. घरी एकदा लावून बघा, तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही. तेल भरायला मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज आणि हातभर नळी. सोबतचं तेल संपलं तर बोलेरो-सुमोच्या डिफरन्शियलमध्ये घालतात ते जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० घाला. घरी पोचेपर्यंत ते चालतं, पोचल्यावर योग्य ग्रेडचं भरा. इंजिन ऑइल मात्र घालू नका. या पेटीतल्या गिअरवरचा दाब सोसणारी द्रव्यं त्यात नसतात.

काम असं करा. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा आणि सेंटर स्टँडवर सरळ उभी करा. आधी फिलर प्लग सैल करा, मगच ड्रेन प्लग. उलट केलंत आणि फिलर अडकून बसला, तर रिकामी पेटी घेऊन रस्त्यात बसाल. ड्रेन प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची बारीक लापशी असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज आहे. नखाला टोचतील असे कपचे किंवा पापुद्रे असतील तर गाडी टेम्पोत घाला, मी तिथे हट्ट करणार नाही. तेल दुधाळ असेल तर एकदा भरून भागत नाही. साधं गिअर ऑइल भरा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा, काढा, मग चांगलं भरा. दुसऱ्या वेळीही काढलेलं तेल धुरकट आलं, तर आणखी एकदा तेच. मॅन्युअलमध्ये दिलं आहे तेवढंच भरा. जास्त भरलं की तापल्यावर दाब वाढतो आणि धडधाकट सीलसुद्धा गळायला लागतं. पेटी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे प्लग जोर लावून आवळलात तर आटे जातात. ब्रीदरवरची तेलकट धूळ जुन्या टूथब्रशने काढा.

बाकी तपासणीला हत्यार लागत नाही. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं असताना ते बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग तीन आणि नऊच्या जागी. दोन्हीकडे टकटक लागली तर बेअरिंग संशयित. एकाच दिशेला लागली तर स्विंगआर्म आणि फायनल ड्राइव्ह यांच्यामधली पिव्हट बेअरिंग आधी बघा. मग गाडी गिअरमध्ये टाकून चाक पुढे-मागे फिरवा. थोडी फट सगळ्याच शाफ्टमध्ये असते. आपल्या गाडीची नेहमीची किती ते घरी असतानाच लक्षात ठेवा, म्हणजे वाढली की कळेल.

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चीड आणली ती पुण्यात परतल्यावर कळली. आजच्या बहुतेक गाड्यांत शाफ्ट ज्या नळीत फिरतो ती नळी कोरडी असते. फायनल ड्राइव्हचं तेल तिथे पोचत नाही. म्हणजे तेल कितीही वेळा बदललं तरी शाफ्टचे यू-जॉइंट (वळणारे सांधे) आणि स्प्लाइन (एकमेकांत सरकणारे खाचांचे जोड) जसेच्या तसे राहतात. स्विंगआर्म आणि फायनल ड्राइव्हच्या मधला रबरी बूट, म्हणजे जोडावरचं आवरण, सोडवला तेव्हा आतून पाणी आलं. यू-जॉइंटवर गंजाचा थर होता, स्प्लाइनवर ग्रीसऐवजी तांबूस भुकटी. बूट कुठे फाटलेला नव्हता, त्याची क्लिप एका बाजूने सरकलेली होती. यू-जॉइंट वाचला. स्प्लाइन साफ करून मॉलिब्डेनम ग्रीस लावलं. चार तासांचं काम.

'आयुष्यभर बघू नका' हा सल्ला नवा नाही. २००४ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसचं फायनल ड्राइव्हचं तेल सुरुवातीला आयुष्यभरासाठी मानलं होतं, सुरुवातीच्या गाड्यांना खाली ड्रेन प्लगसुद्धा नव्हता. पुढे प्लगही आला आणि दर २०,००० किलोमीटरला तेल बदलायचा नियमही. १९२३ च्या आर ३२ पासून शाफ्टवर गाड्या बनवणाऱ्यांना जे बदलावं लागलं, ते आपल्या गावच्या सर्व्हिसवाल्याच्या तोंडच्या वाक्यावर सोडू नका. बूट उघडायला सांगा. 'गरज नाही' म्हणाला तर समोर उभं राहून उघडायला लावा, नाहीतर दुसरीकडे जा.

काझाहून पुढे ताबो, नाको, किन्नौर आणि शिमला. हा भाग सुंदर आहे आणि त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. शाफ्टला त्या बाजूने त्रास नाही. अवजड शाफ्टवाली गाडी असेल आणि फक्त स्पिती बघायची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की किन्नौरकडूनच जा आणि तिकडूनच परत या. ग्राम्फू-बाटल करायचंच असेल तर सप्टेंबरमध्ये करा, तेव्हा नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं. पुढची गाडी पलीकडच्या काठावर चढल्याशिवाय स्वतः नाल्यात उतरू नका. काझाला पोचल्यावर हॉटेल शोधण्याआधी फिलर प्लग उघडून तेलाचा रंग बघा, आणि पाण्यात उभं राहावं लागलं असेल तर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बूट सोडवा.