एड-टेक कंपनीची मुलाखत आणि डेमो लेक्चरची तयारी

तंत्रज्ञान शिकवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करणारे बहुतेक उमेदवार एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीला जावे तशीच तयारी करतात: डेटा स्ट्रक्चर्सची उजळणी, एसक्यूएलचे जॉइन्स आणि रेझ्युमेवरच्या प्रत्येक प्रोजेक्टचे पाठ केलेले वर्णन. ही तयारी वाया जात नाही, कारण तांत्रिक फेरी असतेच. पण निवड सहसा तिच्यावर होत नाही. महाविद्यालयात शिकवून मी या क्षेत्रात आलो आणि आता अधूनमधून मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवरही बसतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की या नोकरीचा निकाल डेमो लेक्चरमध्ये, म्हणजे पॅनेलसमोर नमुन्यादाखल शिकवून दाखवण्यात, लागतो, आणि नेमकी त्याचीच तयारी फार थोडे जण करतात.

डेमोसाठी साधारण दहा-पंधरा मिनिटे मिळतात. विषय निवडण्याची मुभा असेल तर मोठ्या विषयाच्या नादी लागू नये. ‘मशीन लर्निंगची ओळख’ एवढ्या वेळात कोणालाच करून देता येत नाही, आणि केलीच तर ती व्याख्यांची जंत्री होते. त्याऐवजी विद्यार्थी हमखास अडखळतो अशी एकच जागा घ्यावी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले एक उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटते. आकड्यांच्या एका लिस्टला, म्हणजे यादीला, ‘गुण’ असे नाव द्यायचे, पुढच्या ओळीत ‘प्रत = गुण’ असे लिहायचे, मग ‘प्रत’मध्ये अपेंड करून, म्हणजे शेवटी जोडून, एक आकडा वाढवायचा आणि ‘गुण’ प्रिंट करून पाहायचे. नवा आकडा तिथेही दिसतो. नवशिका इथे चक्रावतो, कारण पहिल्याच आठवड्यात त्याला कोणीतरी ‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ असे सांगितलेले असते आणि एका डब्यात टाकलेली वस्तू दुसऱ्या डब्यात सापडण्याचे काही कारण नसते. पायथनमध्ये नाव हे डबा नसून वस्तूला लावलेली चिठ्ठी असते; ‘प्रत = गुण’ लिहिल्याने नवी लिस्ट तयार होत नाही, आहे त्याच लिस्टला दुसरी चिठ्ठी लागते.

एवढे नीट सांगितले की पॅनेलमधले कोणीतरी विद्यार्थ्याच्या भूमिकेत शिरून विचारते, “सर, मग आकड्यांच्या बाबतीत असं का होत नाही? ‘अ’ला ५ दिले, ‘ब’ला ‘अ’ दिला, ‘ब’मध्ये १ मिळवला, तरी ‘अ’ पाचच राहतो.” इथे पुष्कळ उमेदवार “आकड्यांचा नियम वेगळा असतो” असे सांगून सुटका करून घेतात. नियम वेगळा नसतो. पाच हा आकडा बदलता येत नाही, म्हणून बेरीज केल्यावर ‘ब’ ही चिठ्ठी सहा या दुसऱ्या वस्तूवर जाते. अपेंड मात्र त्याच लिस्टमध्ये बदल करते. नाव कोणत्या वस्तूवर आहे ते ओळखू देणारे आयडी हे फंक्शन दोन्ही वेळा चालवून दाखवले तर वाद उरत नाही. असे उलटप्रश्न आधीच काढून ठेवणे हीच डेमोची खरी तयारी होय. पॅनेललाही तुम्हाला पायथन किती येते यापेक्षा विद्यार्थी कुठे घसरणार हे तुम्हाला आधी दिसते का, हेच पाहायचे असते.

ऑनलाइन वर्गात बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळण्याची सोय नसते. “क्लिअर?” असे दर दोन वाक्यांनी विचारून उपयोग नाही, कारण त्याला ‘नाही’ म्हणणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. कोड रन करण्यापूर्वी थांबावे, उत्तर काय येईल ते चॅटमध्ये लिहायला सांगावे आणि मगच रन करावे. एडिटरचा फॉन्ट मोठा करणे आणि नोटिफिकेशन बंद ठेवणे या बारीक गोष्टी आहेत, पण त्या केल्या नाहीत तर चटकन नजरेत भरतात. सराव रेकॉर्ड करून ऐकावा. स्वतःचा आवाज ऐकणे नकोसे होते, ते सहन करावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचे दडपण असते. अनेक बॅचेस हिंदी-इंग्रजी मिश्र भाषेत चालतात, त्यामुळे अलंकारिक इंग्रजीपेक्षा छोटी, पूर्ण वाक्ये अधिक उपयोगी पडतात. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या केंद्रावर ज्यांनी शिकवले आहे, त्यांनी तो अनुभव रेझ्युमेच्या तळाशी दडवू नये. चाळिशीतल्या कारकुनाला ज्याने माउस धरायला शिकवला आहे, त्याला अध्यापनाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ असते.

कंपनीचा अभ्यास करताना एका प्रश्नाची तयारी अवश्य ठेवावी: आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमात उत्तम लेक्चर्स मोफत असताना विद्यार्थ्याने आम्हाला पैसे का द्यावेत? “आमचा कंटेंट दर्जेदार आहे” हे उत्तर कोणालाच पटत नाही. शंकानिरसन, प्रोजेक्टची तपासणी, वेळापत्रकाचा धाक आणि अडलेल्या मुलाला सोबत देणारा मेंटर, यांसाठी विद्यार्थी पैसे मोजतो.

शेवटी “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” असे म्हटले जाते, तेव्हा संकोच करू नये. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्य लावले गेलेल्या बायजूज या एड-टेक कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, त्यामुळे आपण जिथे जाणार त्या कंपनीचे उत्पन्न कुठून येते हे विचारणे उद्धटपणाचे ठरत नाही. बॅचमध्ये किती विद्यार्थी असतात, त्यांपैकी किती कोर्स पूर्ण करतात, मानधन तासावर आहे की महिन्यावर, आणि प्रशिक्षकाला प्रवेशाचे टार्गेट दिले जाते का, हेही विचारावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या असून, नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. तुमचे नाव आणि फोटो अशा जाहिरातीत वापरला जाणार आहे का, हे ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.