मंगळवेढ्याची ज्वारी आणि परळचे रेशन

परळमधल्या आमच्या रेशन दुकानात तांदूळ आणि गहू मिळतात, आणि जानेवारी २०२३ पासून तर ते मोफत मिळतात. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मात्र ज्वारी, या दोन्हींहून कितीतरी कमी पाण्यावर पिकत असूनही, गव्हापेक्षा महाग असते. माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे, त्यामुळे हा उलटा हिशोब मला दर वेळी खटकतो.

मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात मालदांडी जातीची ज्वारी येते ती परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि पुढे थंडीतल्या दवावर. २०२५-२६ साठी तिची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, साध्या भाताची २,३६९. तरीही सरकार धान्य उचलत नसेल, तर हा भाव म्हणजे मांडव न घालताच वाटलेली लग्नपत्रिका होय. मोठी खरेदी होते ती गहू-तांदळाची, कारण रेशनवर वाटायचे असतात तेच. वास्तविक २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ज्वारीसारखे भरड धान्यही एक रुपया किलोने देण्याची सोय केली होती.

खात्रीची खरेदी काय करू शकते, हे पंजाबात दिसते. मूळचा भातखाऊ नसलेला तो प्रांत, हमखास खरेदी आणि फुकट वीज यांच्या जोरावर, भूजल उपसून भात पिकवू लागला. पाणी खाली गेले म्हणून २००९ मध्ये कायद्याने लावणी पुढे ढकलली; त्यामुळे कापणी लांबली, गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळे करायला जेमतेम दिवस उरू लागले आणि पेंढा जाळण्याचे प्रमाण वाढले.

आमच्याकडे भाताच्या जागी ऊस आहे. मामा म्हणतात, "उसाला कारखान्याची टोळी येते, दर कायद्यानं बांधलेला. ज्वारी उपटायला माणूस कुठनं आणू? कडब्यासाठी म्हणून एकरभर पेरतो बघ." त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. उसाला पाणी किती लागते हे त्यांना माझ्याहून चांगले कळते.

शेजारच्या कर्नाटकात उत्तरेकडील जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी दिली गेली आहे. सोलापूरची ज्वारी आधारभूत किमतीने घेऊन परळच्या दुकानापर्यंत आणणे, तिच्यातला थोडाफार तोटा सरकारने सोसूनसुद्धा, विहिरी खोल करण्यासाठी अनुदान देण्यापेक्षा स्वस्त पडेल, असे माझे मत आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. आमच्या दुकानात त्या वर्षीही तांदूळ आणि गहूच होते.