जकार्ड लॉग: बिल्ड हिरवं, मोर उलटा

चादरीचं पीएनजी चित्र जकार्ड मागाच्या भोकांच्या कार्डावर उतरवणारा माझा जावा प्रोग्राम आहे; त्याचं बिल्ड, म्हणजे कोड जुळवणं, तपासणं आणि बांधणं, मेव्हन हे साधन करतं. मागच्या नोंदीत सर्व्हर उठवून टेस्ट चालवण्यापर्यंत आलो होतो. नंतर सगळं हिरवं दिसत होतं, म्हणून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग असलेल्या मामांना चादरीचा प्रीव्ह्यू दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काठावरचा मोर तिकडं तोंड करून का बसलाय रे?"

आता गंमत बघा. नेमकं हेच तपासणारी टेस्ट माझ्याकडं आहे! मेव्हनच्या टार्गेट फोल्डरातल्या फेलसेफ-रिपोर्ट्समध्ये समरीची एक्सएमएल फाइल असते, ती उघडली. आत स्वच्छ लिहिलेलं: फेल्युअर्स १. आणि टर्मिनलवर बिल्ड सक्सेस. डोकंच फिरलं.

मेव्हनमध्ये टेस्ट चालवणारी प्लगइन दोन: शुअरफायर आणि फेलसेफ. शुअरफायर टेस्ट फेजला (टप्प्याला) चालतो आणि टेस्ट पडली की बिल्ड तिथंच अडवतो. फेलसेफ मुद्दाम अडवत नाही. इंटिग्रेशन-टेस्ट फेजला तो पडझड फक्त नोंदवून ठेवतो, पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्टला सर्व्हर बंद होऊ देतो आणि निकाल लावतो तो व्हेरिफायला. पण त्यासाठी पोममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलीत) इंटिग्रेशन-टेस्ट आणि व्हेरिफाय असे दोन्ही गोल, म्हणजे प्लगइनची कामं, लिहावे लागतात. जालावरच्या ज्या नमुन्यावरून मी पोम उचललं होतं, त्यात पहिलाच आहे. म्हणजे पंचनामा झाला, गुन्हा दाखल झालाच नाही. असले अर्धवट नमुने टाकणाऱ्यांना काय म्हणावं!

दुसरा गोल घातला आणि बिल्ड झकास लाल झालं. लाल बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. मोराचं कारण फुटकळ निघालं: पीएनजीची ओळ कार्डावर उतरवताना मागाच्या हुकांचा (ताण्याचे धागे उचलणाऱ्या आकड्यांचा) क्रम उलटा लागत होता.

मग पोर्टची कटकट. टेस्टचा सर्व्हर ज्यावर उठतो ते ८०८० पोर्ट आधीच कुणीतरी धरलेलं. 'एमव्हीएन इंटिग्रेशन-टेस्ट' म्हटलं की मेव्हन त्याच फेजला थांबतं, पोस्टवाली पायरी येतच नाही आणि सर्व्हर मागं जिवंत राहतो, पोर्ट धरून. म्हणून कायम 'एमव्हीएन व्हेरिफाय'च म्हणायचं. शिवाय बिल्ड-हेल्पर या प्लगइनचा पोर्ट राखून ठेवणारा गोल लावणार होतो, म्हणजे दर वेळी मोकळं पोर्ट मिळेल. बिल्ड-हेल्पर हे प्लगइन दिसायला किरकोळ, पण कामाला फार चोख.

थांबा. हे लिहितानाच सुचलं: मोराच्या टेस्टला सर्व्हर लागतोच कशाला? चित्राची ओळ आत, भोकांची ओळ बाहेर, एवढंच तर काम. वर्गाच्या (क्लासच्या) नावाची शेपटी फेलसेफ ओळखतो त्या 'आयटी'ऐवजी 'टेस्ट' केली की ती शुअरफायरकडं जाईल, आणि मोर उलटला तर जार (प्रोग्रामची बांधलेली फाइल) बनायच्या आधीच कळेल. जारमध्ये रंगांची फाइल खरंच गेली का, अपलोड केलेलं डिझाइन कार्ड होऊन परत येतं का, एवढंच पॅकेजनंतर, म्हणजे जार बनल्यावर, तपासण्यासारखं. बाकीचं मी उगाच पुढं ढकलत बसलो होतो. वीज जायच्या आत बिल्ड उरकायचं असेल तर 'स्किप-आयटीज' हा पर्याय लावून तेवढंच वगळता येतं. स्किप-टेस्ट्स नको, त्यानं दोन्ही गप्प होतात.

तेव्हा आज नावं बदलायला घेतोय. बिल्ड-हेल्परच्या ओळी तूर्तास पोममध्ये कॉमेंट करून ठेवल्यात. मामांना नवा प्रीव्ह्यू सोमवारी.