फरशीखालचे काम

मेलबर्नमध्ये आम्ही घेतलेले घर १९७४ सालचे होते, आणि त्याच्या न्हाणीघरातल्या फिकट हिरव्या टाइल्सही बहुधा त्याच सालच्या असाव्यात. ते नव्याने करायचे ठरले तेव्हा मी नागपूरच्या सवयीने आधी टाइल्सची दुकाने पालथी घातली, नळ निवडले, बेसिन निवडले, आरशाचा आकारसुद्धा ठरवून टाकला. काम घेणारा गृहस्थ पाहणीला आला तेव्हा त्याने यातले काहीही विचारले नाही. घर कोणत्या सालचे, एवढेच विचारून त्याने भिंतीचा एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगितले. ऑस्ट्रेलियात फुप्फुसांना घातक अशा अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ रोजी आली, आणि १९९०पूर्वी बांधलेल्या घरांत न्हाणीघराच्या टाइल्समागे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे सर्रास सापडतात. आमच्याकडेही ते निघाले. परवानाधारक माणसांनी ते ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेईपर्यंत बाकीचे काम थांबले आणि टाइल्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यातच गेला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जे पाहिले, त्याचा उपयोग पुढल्या डिसेंबरात नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरी झाला. आईबाबांचे न्हाणीघर नव्याने करायचे होते, कारण आईचे गुडघे दुखू लागले होते आणि न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या साड्यांना दमट वास यायला लागला होता. नागपुरात असे काम काढायला डिसेंबर-जानेवारी हे दिवस उत्तम. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात गिलावा हाताखालीच वाळतो आणि पाण्याअभावी भेगाळतो, तर पावसाळ्यात वॉटरप्रूफिंगचा थर वाळता वाळत नाही.

मेलबर्नमध्ये वॉटरप्रूफिंग हे वेगळ्या माणसाचे काम असते. तो येतो, कोपऱ्याकोपऱ्यांत जाळीची पट्टी बसवतो, रबरासारखा पातळ थर ब्रशने चढवतो, तो वाळला की आडव्या हाताने दुसरा चढवतो आणि जाताना प्रमाणपत्र देतो. शॉवरच्या भिंतींवर हा थर किमान १८०० मिलिमीटर उंचीपर्यंत नेण्याचा नियम आहे. प्लंबरचेही तसेच, व्हिक्टोरिया राज्यात ७५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या कामासाठी त्याला आपल्या नावाने अनुपालन प्रमाणपत्र द्यावे लागते. नागपुरात हे कागद मला मिळणार नव्हते, पण टाइल लावण्याआधी काम थांबवून तपासणे माझ्या हातात होते.

आमचे न्हाणीघर तळमजल्यावर आहे, आणि खाली कोणाचे छत नसल्यामुळे वॉटरप्रूफिंगची गरज नाही, असे मिस्त्रींचे प्रामाणिक मत होते. खाली कोणी राहत नसले तरी पाणी विटांतून वर चढते, आणि साड्यांचा वास तेच सांगत होता. शेवटी जुनी फरशी, तिच्याखालचा कोबा आणि भिंतींचा चार फुटांपर्यंतचा गिलावा काढला, नवा ढाळ केला, त्यावर सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमरचे दोन थर दिले, ते भिंतींवर चढवले, नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या निचऱ्याच्या भांड्याचे, तोंड बंद केले आणि दाराशी विटांचा बांध घालून तीन इंच पाणी भरले. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ ओढली. शेजारी त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्या आतही रेघ ओढली.

अठ्ठेचाळीस तासांनी पाणी रेघेच्या जवळजवळ बोटभर खाली गेले होते. “थंडीतही पाणी उडतेच ना जी भाऊ,” मिस्त्री म्हणाले, आणि बादली नसती तर मी मान डोलावलीही असती. बादलीतले पाणी मात्र रेघेपासून जेमतेम नखभर हलले होते. तळमजल्यावर गळती दाखवायला खालचे ओले छत नसते, म्हणून ही बादली. वाट सापडली ती नहाणी ट्रॅपच्या पाइपाभोवती, जिथे प्लास्टिक आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. तिथे खाच करून पुन्हा भरली, पट्टी बसवली आणि आणखी दोन दिवस पाणी भरले. या चार दिवसांवरून घरात बरीच कुरकुर झाली. कोणी काहीही म्हणाले तरी हे चार दिवस वेळापत्रकात आधीच धरून ठेवावेत.

ढाळाविषयीही असाच आग्रह हवा. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत जाळीकडचा उतार किमान ८०ला १ असा आहे, म्हणजे आठ फुटांच्या लांबीत सुमारे सव्वा इंच. सव्वा इंच ऐकायला फार वाटतो, पायाला तो कळतसुद्धा नाही. मात्र जमिनीवर दोन बाय चार फुटांची टाइल घेतली की ती न कापता चारही बाजूंनी मधल्या जाळीकडे उतार देणे अशक्यच होते, कारण टाइल वाकत नाही. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या त्या चकचकीत मोठ्या टाइल्स भिंतींवर खुशाल लावाव्यात. जमिनीसाठी एक बाय एक फुटाची, खरखरीत पृष्ठभागाची घ्यावी, आणि दुकानात तिच्यावर पाणी शिंपडून अनवाणी पायाने उभे राहून पाहावे. दुकानदार हसतो, हसू द्यावे.

टाइल्स किती लागतील, हा हिशेब स्वतः करावा. आमचे न्हाणीघर पाच बाय आठ फूट, टाइल सात फुटांपर्यंत. परिघ सव्वीस फूट, म्हणजे भिंती १८२ चौरस फूट. त्यातून दाराचे साडेसतरा गेले की सुमारे १६५ उरतात. जमीन चाळीस. यावर कापण्याफुटण्याचे दहा टक्के धरले की जमिनीच्या ४४ आणि भिंतींच्या १८२ चौरस फुटांवर भागते. सगळी खोकी एकाच बॅचची आहेत हे खोक्यावरच्या छाप्यावरून पाहून घ्यावे आणि एक खोके जिन्याखाली राखून ठेवावे. पुढे एखादी टाइल फोडावी लागली तर तोच रंग पुन्हा मिळत नाही.

माझी स्वतःची चूक कमोडची. आपल्याकडे जमिनीत जाणारे, म्हणजे एस ट्रॅपचे कमोड भिंतीपासून छिद्राच्या मध्यापर्यंतच्या अंतरानुसार मिळतात, आणि ही अंतरे बहुधा चार, नऊ किंवा बारा इंच असतात. मी मेलबर्नहून बाबांना फोनवर अंतर मोजायला सांगितले, त्यांनी ते जुन्या टाइलपासून बरोबर नऊ इंच मोजले आणि त्याप्रमाणे मी कमोड मागवला. पण त्या भिंतीला नवा गिलावा आणि नवी टाइल मिळून पाऊण इंच जाडी वाढली आणि टाकी भिंतीला अडायला लागली. दुकानदार परत घेईना. शेवटी त्या भिंतीचा गिलावा पुन्हा छिलावा लागला. अंतर नेहमी तयार होणाऱ्या भिंतीपासून धरावे, आणि कमोड प्रत्यक्ष घरी आल्याशिवाय पाइपाचे काम पक्के करू देऊ नये.

आराखडा मी गच्चीवर खडूने काढला, पाच बाय आठ फूट, अगदी खऱ्या मापाने. त्यात बादली, स्टूल आणि कमोडच्या जागी एक खुर्ची ठेवली आणि आईला आत जाऊन बसायला, उठायला, वळायला सांगितले. दार आत उघडले तर ते स्टुलाला लागते, हे तिथेच कळले. दार बाहेर उघडणारे करून घेतले. आत कोणी पडले तर अडकलेले दार ढकलता येत नाही, हे कारण आईसमोर बोललो नाही. काचेचे पार्टिशन मला फार हवे होते, पण बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या माणसाला त्या काचेच्या आत कोंडून घेणे हा त्रासच आहे, म्हणून ते सोडले. मेलबर्नच्या कारागिराला बादलीसाठी खालचा नळ हवा आहे हे समजावताना माझी दमछाक झाली होती. इथे मिस्त्रींनी न सांगता बादली ठेवून नळाची उंची मोजली.

आधाराच्या दांड्यांवरून बाबांशी वाद झाला. मेलबर्नच्या भिंती लाकडी चौकटीवर पत्रे ठोकलेल्या असतात, त्यामुळे दांडा कुठे येणार हे आधीच ठरवून आत लाकडी ठोकळे बसवावे लागतात. आपल्या विटांच्या भिंतीत दांडा कधीही बसतो. भीती एकच, ड्रिल पाइपात जाण्याची. म्हणून टाइल लावण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत मेजरिंग टेप उभी आणि आडवी धरून.

विजेचे थोडक्यात सांगतो. २००० वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो; त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. तिकडे मेलबर्नला साठवणीच्या गिझरात पाणी जंतूंच्या भीतीने ६० अंशांवर ठेवतात, पण न्हाणीघराच्या नळाला ते ५०हून अधिक गरम येऊ नये म्हणून मधे मिश्रणाचा व्हॉल्व्ह बसवतात. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मला ही सोय मोलाची वाटते. नागपुरात उन्हाळ्यात प्रश्न उलटाच: दुपारी गच्चीच्या टाकीतून येणारे पाणी अंगावर घेववत नाही. त्यावर आईचा जुना उपाय असा, की मे महिन्यात गिझर बंद ठेवायचा आणि सकाळी भरलेले त्यातले पाणी दुपारी गरम पाण्याच्या नळातून घ्यायचे. टाकीभोवतीचे उष्णतारोधक आवरण त्या वेळी उलट्या बाजूने कामाला येते. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र गिझरची टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड अधूनमधून तपासून घ्यावा, कारण क्षारांपुढे तो लवकर झिजतो.

वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर काम चालू असताना सगळ्यांनी वापरले, आणि आता ते पुन्हा बंद असते. वापर नसला की नहाणी ट्रॅपमधले दोन इंच पाणी उन्हाळ्यात उडून जाते, आणि मग वास आणि झुरळे दोन्ही वर येतात. नवी जाळी, फिनाईल, काही आणण्याची गरज नसते. आई दर गुरुवारी वर जाऊन त्या जाळीत तांब्याभर पाणी ओतते.

मार्चमध्ये फोनवर बाबांनी विचारले, की पाइपांचे ते फोटो पुन्हा पाठवशील का. कमोडच्या डाव्या बाजूला त्यांना आणखी एक दांडा बसवायचा होता.