बेन्टनव्हिलमधला अकरा महिन्यांचा करार

लेकीकडे अमेरिकेत, अर्कान्सा राज्यात दोन महिने राहून आलो. क्रिस्टल ब्रिजेस या कलासंग्रहालयातली चित्रं पाहिली, दोनदा भिशीला गेलो. उरलेले दिवस गाडीशिवाय कुठे जाता येत नाही म्हणून कुरकुरत काढले. लिहायचंय ते एका सकाळबद्दल.

बेन्टनव्हिलच्या चौकात सॅम वॉल्टनचं जुनं दुकान आहे, वॉलमार्टच्या संस्थापकाचं. आता तिथे संग्रहालय, तेही फुकट. आमच्या ह्यांनी साताऱ्यात बावीस वर्षं कटलरीचं दुकान चालवलं, त्यामुळे यायला एका पायावर तयार. आत ग्राहकांनी परत आणलेल्या वस्तू मांडल्यात. त्यात एक थर्मास. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ मध्ये रॉजर्सला निघालं, थर्मास त्याच्याही आधीचा, तरी परत घेतला! आमच्या गल्ल्यामागे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. हे नुसतेच "हं" म्हणाले.

मग जावयांनी अर्कान्सातल्याच न्यूपोर्ट गावची, वॉलमार्टच्या आधीची गोष्ट काढली. १९४५ मध्ये सॅमने तिथे पहिलं दुकान घेतलं २५,००० डॉलरना. त्यातले २०,००० सासऱ्यांकडून उसने. इथे ह्यांनी जावयांकडे जरा सावधपणे पाहिलं. पाच वर्षांत विक्री ७२,००० वरून अडीच लाखांवर गेली. पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. चालतं दुकान मालकाला स्वतःच्या मुलासाठी हवं होतं, त्याने करार वाढवला नाही. १९५० मध्ये सॅम बायकामुलांसह गाव सोडून इथे आला.

हे तिथल्या बाकावर बसले. गुडघे दुखतात म्हणाले, पण मला माहीत होतं. आमचाही अकरा महिन्यांचा करार दरवर्षी तोंडी वाढायचा, आणि एका दिवाळीनंतर मालकाच्या पुतण्याला मोबाइलचं दुकान टाकायचं झालं. फळ्या आम्ही रात्री काढल्या, कुणी बघू नये म्हणून. त्या दिवसाबद्दल हे घरात कधी बोलले नव्हते. लेकीलाही त्या बाकावर पहिल्यांदाच कळलं.

"पुढे ह्यानेच किती छोटी दुकानं बसवली असतील," मी म्हटलं. मला त्या माणसाचं एवढं कौतुक चालेना. ह्यांना ते ऐकूच गेलं नाही.

"मग इथे काय केलं त्याने?"

जावई म्हणाले, इथली इमारत विकतच घेतली. शेजारची न्हाव्याची जागा सासऱ्यांनी मध्यस्थी करून मिळवून दिली, ९९ वर्षांच्या कराराने.

बाहेर आइस्क्रीम घेतलं, सॅमच्या आवडीचं बटर पेकन. मला फार गोड लागलं. हे कप हातात धरून बोटं मोजत होते.

"एकोणपन्नास," म्हणाले. "दोन हजार एकोणपन्नासपर्यंत निश्चिंत."

आइस्क्रीम पार पातळ झालं होतं.