मागचे स्पीकर हळू वाजतायत? आधी पिना बदलून बघा

पिक्चर चालू आहे, पुढून संवाद स्वच्छ येतायत, वूफरमुळे टेबलावरचं पेन थरथरतंय, आणि मागच्या दोन स्पीकरना कान लावला तरच काहीतरी खुसफुस ऐकू येते. कॉम्प्युटरला जोडलेल्या ५.१ सेटची (पाच स्पीकर आणि एक वूफर, प्रत्येकाला आवाजाची वेगळी वाट म्हणजे चॅनेल) ही नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण पहिलं काम करतात ते ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचं. त्यात संध्याकाळ जाते आणि स्पीकर होते तसेच. दोष कॉम्प्युटरकडे आहे की सेटकडे, हे आधी ठरवायचं. त्याला दोन मिनिटं पुरतात, आणि तोवर एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

आपल्याकडच्या बहुतेक सेटमध्ये वूफरच्या खोक्याच्या मागे सहा आरसीए इनपुट (गोल पिनांची भोकं) असतात: एफएल, एफआर (पुढचा डावा, उजवा), एसएल, एसआर (मागचा डावा, उजवा), सेंटर (मधला) आणि सब (वूफर). कॉम्प्युटरकडून तीन वायरी येतात. हिरव्या जॅकची वायर पुढच्या जोडीला, काळ्याची मागच्या जोडीला, नारिंगीची सेंटर आणि सबला. एखादं साधं स्टिरिओ गाणं लावा, आवाज निम्म्यावर आणा, आणि एफएल-एफआरमधल्या दोन पिना काढून एसएल-एसआरमध्ये खोचा. ही अदलाबदल वूफरच्या बाजूलाच करायची. कॉम्प्युटरच्या बाजूची पिन काढली की ड्रायव्हरला ते कळतं, तो 'काय जोडलंत?' असं विचारत बसतो आणि एका गोंधळात दुसरा मिसळतो.

आता मागचे स्पीकर दणदणीत वाजले, तर अँप (वूफरच्या खोक्यातला, आवाज मोठा करणारा भाग), स्पीकर आणि त्यांच्या वायरी ठणठणीत आहेत. दोष कॉम्प्युटरकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा काळ्या जॅकच्या वायरीत. अजूनही कुजबुजतच असतील, तर विंडोज बिचारं निर्दोष आहे.

दोष सेटकडे निघाला तर आधी रिमोट घ्या. मुख्य आवाजाशिवाय फ्रंट, रिअर, सेंटर आणि सब यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय बऱ्याच सेटमध्ये असते, आणि रिअरचा आकडा कोणीतरी, कधीतरी खाली आणलेला असतो. (घरात लहान मूल असेल तर चौकशी करायची गरज नाही.) मग सेट कोणत्या इनपुटवर आहे ते बघा. ऑक्स, ब्लूटूथ आणि यूएसबी हे दोनच चॅनेलचे मार्ग. त्यावर काही सेट पुढचाच आवाज मागे कमी करून देतात, काही मागे काहीच देत नाहीत. सहा चॅनेलसाठी इनपुट '५.१' किंवा 'डीव्हीडी' असाच हवा.

तरीही फरक नसेल तर सेट मेन स्विचवरून बंद करा आणि मागच्या डाव्या स्पीकरची वायर पुढच्या डाव्या आउटपुटला लावा. तिथे नीट वाजला तर स्पीकर आणि वायर चांगले, अँपचं मागचं चॅनेल कमजोर. ते काम सोल्डरिंगवाल्याचं. वायर सबच्या आउटपुटला मात्र चुकूनही लावू नका. तिथली ताकद छोट्या स्पीकरला झेपत नाही.

वायर लांब म्हणून आवाज कमी, असं दुकानातही ऐकवतात. हिशेब करून बघू. तांब्याची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर, लांबी ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे रोध साधारण ०.३५ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याने पाऊण डेसिबलसुद्धा जात नाही, कानाला पत्ताही लागणार नाही. सेटबरोबर येणारी केसासारखी बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर पावणेदोन डेसिबलच्या आसपास जातात. तीच तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची निघाली तर अडीचच्या जवळ. एवढा फरक जाणवतो, पण 'ऐकूच येत नाही' ही तक्रार त्यातून होत नाही. वायर जरूर बदला, चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

आता कॉम्प्युटर. सगळ्यात आधी, मागे पाठवण्यासारखं फाइलमध्ये काही आहे का? व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकची माहिती उघडते. चॅनेलसमोर '३एफ२आर/एलएफई' दिसलं तर पुढे तीन, मागे दोन आणि एक सब, म्हणजे खरं ५.१. 'स्टिरिओ' दिसलं तर मागचे स्पीकर गप्प राहणं हेच बरोबर आहे, कारण विंडोज आपणहून स्टिरिओचं ५.१ करत नाही. ब्राउझरमध्ये यूट्यूबवर लावलेली गाणी बहुतेक दोन चॅनेलचीच. आणि खऱ्या ५.१ पिक्चरमध्येही मागे काय असतं? पाऊस, गर्दीची कलकल, एखादी गाडी सरकन मागे जाते तो क्षण, पार्श्वसंगीताची थोडी लांबण. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत तोवर मागे जवळजवळ शांतता असते. म्हणून पिक्चर लावून मागचे स्पीकर तपासायचे नाहीत.

तपासायचे ते विंडोजच्या टेस्ट बटणाने. विंडोज आणि आर दाबून 'एमएमसिस डॉट सीपीएल' इंग्रजीत (mmsys.cpl) टाका, प्लेबॅकच्या यादीत स्पीकर निवडा, कॉन्फिगर दाबा. यादीत '५.१ सराउंड' दोनदा दिसू शकतं. नाव एकच, पण चित्र बघा: एकात स्पीकर खुर्चीच्या बाजूला, दुसऱ्यात पाठीमागे. सहा जॅकच्या मदरबोर्डवर काळा जॅक मागच्यांसाठी आणि राखाडी बाजूच्यांसाठी असतो, म्हणून चित्र आणि जॅक जुळले नाहीत की मागे शुकशुकाट. टेस्ट दाबून ज्या पर्यायात मागचे वाजतात तो ठेवा. पुढच्या पानावर मागच्या जोडीसमोरची टिक गेलेली नाही ना, तेही पाहा.

तीनच जॅक असलेल्या बोर्डवर निळा जॅक मागच्यांचा होतो आणि गुलाबी सेंटर-सबचा. पण आपोआप नाही. पिन खोचल्यावर रिअलटेकची (साउंड ड्रायव्हरची) खिडकी विचारते, तेव्हा 'रिअर स्पीकर' निवडावं लागतं. घाईत 'लाइन इन' वर ओके केलं की तो जॅक आवाज बाहेर देण्याऐवजी आत घ्यायला बसतो.

मग स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स, तिथे बॅलन्स. प्रत्येक चॅनेलची पट्टी वेगळी दिसते. नावांऐवजी नुसते आकडे असतील तर पाचवी आणि सहावी मागची. त्याच खिडकीत स्पेशियल साउंड बंद ठेवा. हेडफोनसाठीची विंडोज सोनिक चालू राहिली तर सहा चॅनेलचं दोन चॅनेलमध्ये कालवण होतं. स्टिरिओ गाणीही चारही बाजूंनी हवी असतील तर एन्हान्समेंटमधलं 'स्पीकर फिल' चालू करा, ड्रायव्हर देत असेल तर. गाण्यांना ठीक. पिक्चर बघताना ते बंदच बरं.

गेम सुरू असताना स्पीकरची मांडणी बदलली असेल तर गेम बंद करून पुन्हा उघडा. कित्येक गेम चॅनेलची संख्या फक्त सुरुवातीला विचारून घेतात. ऑप्टिकल वायर वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिच्यातून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो. ५.१ जातं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या दाबलेल्या रूपात. पिक्चरला सहा स्पीकर आणि गेमला दोनच, याचं कारण बहुधा हेच.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम) उघडा आणि एफ६ने खरं साउंड कार्ड निवडा. 'सराउंड' नावाच्या पट्टीखाली 'एमएम' दिसत असेल तर ती म्यूट आहे. त्या पट्टीवर जाऊन एम दाबा. 'चॅनेल मोड' असेल तर तो ६ चॅनेलवर. मग पावूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, कॉन्फिगरेशनखाली 'अॅनालॉग सराउंड ५.१ आउटपुट' निवडा. सहा चॅनेलचा स्पीकर-टेस्ट 'वेव्ह' प्रकार निवडून चालवला की बाई एकेका स्पीकरचं नाव त्याच स्पीकरमधून सांगते. विंडोजच्या टुणटुणीपेक्षा हे कितीतरी सोयीचं.

हे सगळं नीट असूनही मागचे हळूच वाटत असतील, तर टेप घेऊन अंतर मोजा. टेबलाशी बसून ऐकणाऱ्यांच्या बाबतीत मला हेच कारण सगळ्यात वरचं वाटतं. पुढचे स्पीकर मॉनिटरच्या बाजूला, कानापासून ७० सेंटिमीटरवर. मागचे भिंतीवर, २१० सेंटिमीटरवर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात, तिप्पट झालं की साडेनऊ. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून फरक थोडा कमी पडतो, पण १० डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्मा आवाज वाटतो, हे ध्यानात घ्या.

इथे मागच्यांचा आवाज वाढवायला जाल तर पट्टी आधीच १०० वर असते, कारण विंडोजची पट्टी फक्त कमी करू शकते. म्हणून उलटं करायचं: पुढचे दोन, सेंटर आणि सब यांच्या पट्ट्या खाली आणा, आणि सेटवरचा मुख्य आवाज वाढवा. किती खाली, ते मोबाइलवर ठरतं. आवाज मोजणारं कोणतंही फुकट अॅप चालेल. त्याचा आकडा खरा नसला तरी बिघडत नाही, आपल्याला फक्त फरक हवाय. मोबाइल डोक्याच्या जागी धरा, माइक छताकडे. एकेका स्पीकरवर पिंक नॉइज (तपासणीसाठी वापरतात तो सलग 'श्श' आवाज) लावा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये तो तयार करून सहा चॅनेलच्या वेव्ह फाइलमध्ये एकेका चॅनेलवर टाकता येतो. सब सोडून पाचही स्पीकर दीड-दोन डेसिबलच्या आत आले की पुरे. सब कानानेच लावा, मोबाइलचा माइक खालच्या आवाजात फार भरवशाचा नसतो.

मांडणी बदलता येत असेल तर मागचे स्पीकर समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर ठेवा, म्हणजे खांद्याच्या थोडं मागे. छताच्या कोपऱ्यात टांगून खाली न वळवलेला स्पीकर आवाज भिंतीलाच ऐकवतो.

एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. आवाज हळू नसून पोकळ वाटतो: गाण्यातलं वाद्य ऐकू येतं आणि गाणाऱ्याचा आवाज गायब. ही पिन अर्धवट बसल्याची खूण. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर टोकाला डावा, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी ग्राउंड. ग्राउंड टेकलं नाही की दोन्ही चॅनेलमधला फक्त फरक उरतो, आणि मधोमध असलेला गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होऊन जातो. जाड प्लास्टिकची पिन कॅबिनेटच्या पत्र्याला अडते तेव्हा हे हमखास होतं. ब्लेडने त्या प्लास्टिकची कड मिलिमीटरभर तासली की पिन 'टक' करून आत बसते.