एडिनबरात बादली धरताना

आमचे आजोबा नारदीय कीर्तनकार. मिरज, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी हा त्यांचा पट्टा. कीर्तन संपलं, आरती झाली की ताट फिरायचं, आणि मी आठ-नऊ वर्षांची असताना ते फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मला त्याची भयंकर लाज वाटायची. वर्गातल्या एखाद्या मुलीची आई दिसली की मी ताट पुढे न करता सरळ पुढच्या रांगेत सटकायचे. आजोबांच्या ते लक्षात आलं असावं. बोलले काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ताट आत्येभावाच्या हातात गेलं.

2024 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या एका पबच्या तळघरात लाल प्लास्टिकची बादली धरून दाराशी उभी राहिले, तेव्हा ते ताट आठवलं. इथे सोपवायला आत्येभाव नव्हता.

पहिल्यापासून सांगते. मी पुण्यात हौशी नाटकं करते. आजोबांच्या कीर्तनातलं सुदाम्याचं आख्यान मी पन्नास मिनिटांत, इंग्रजीतून, एकटीने सांगते. एडिनबरा फ्रिंज या कलामहोत्सवाला जायचं ठरलं तेव्हा भेटेल तो अभिनंदन करायचा, ‘निवड झाली म्हणे!’ आधी दोन-चार जणांना मी नुसती हसले, खरं सांगायचं तर. कारण तिथे निवड होतच नाही. 1947 साली एडिनबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, त्याला आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. तीच ही फ्रिंज. 1958 मध्ये कलाकारांनी संस्था काढली, तीसुद्धा कुणाचा कार्यक्रम चांगला नि कुणाचा वाईट हे न ठरवण्याच्या बोलीवर. जागा मिळव, फी भर, ये. आता तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. म्हणजे प्रवेश सोपा, प्रेक्षक मिळवणं महाकठीण.

खरी मेख पैशांची. तिकीट लावायचं तर थिएटरवाले आधी हमीची रक्कम मागतात किंवा गल्ल्यात मोठा वाटा घेतात, आणि ऑगस्टमध्ये त्या शहरात खोलीचं भाडं ऐकून घसा कोरडा पडतो. मी दोन्हीतून पळवाट काढली. राहायला ग्लासगोला मावसबहिणीकडे. तिथून एडिनबराची आगगाडी पाऊण-एक तासाची. आणि प्रयोगाला फुकटची जागा. 1996 मध्ये पीटर बक्ली हिल नावाच्या विनोदी कलाकाराने हा पायंडा पाडला. पबवाला खोली फुकट देतो, कारण त्याची बिअर खपते. कलाकार तिकीट लावत नाही. शेवटी दाराशी बादली धरायची, ज्याला जे वाटेल ते तो टाकेल. अर्ज भरताना ‘वा, सोपं आहे!’ असं मला वाटलं होतं.

छापील कार्यक्रमपत्रिकेसाठी 40 शब्दांत स्वतःची ओळख लिहून द्यायची असते. यात माझे तीन आठवडे गेले. कीर्तन हा शब्द तिकडे माहीत आहे, हीच पंचाईत. त्यांच्या लेखी कीर्तन म्हणजे योगवर्गात मांडी घालून, डोळे मिटून नामघोष. मी तो शब्द हट्टाने ठेवला आणि फळ पहिल्याच दिवशी मिळालं. चार प्रेक्षक, त्यातल्या दोघी जमिनीवर बसून डोळे मिटून तयार! पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, संपेपर्यंत एकीने डोळे उघडले. दुसरी बहुधा झोपली होती.

व्हिसाचं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. फ्रिंज ब्रिटनच्या परवानामुक्त महोत्सवांच्या यादीत आहे. म्हणजे कलाकाराला वेगळा कामाचा परवाना लागत नाही, पाहुण्याच्या व्हिसावर जाऊन कार्यक्रम करता येतो, त्याचे पैसेही घेता येतात. फ्रिंजकडे नाव नोंदवल्याचं पत्र, बँकेचे सहा महिन्यांचे तपशील, कार्यालयाचं रजेचं पत्र, बहिणीचं ‘ही माझ्याकडे राहील’ असं पत्र, हे सगळं जोडलं. मात्र अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे दिल्यावर पासपोर्ट तीन आठवडे तिकडेच होता, आणि विमानाचं तिकीट मी आधीच काढून बसले होते. हा शहाणपणा करू नका. चिपळ्या हातातल्या बॅगेत होत्या. मुंबईच्या तपासणीत त्या वाजवून दाखवाव्या लागल्या. मागच्या रांगेतल्या एका काकांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटलं आणि तो अधिकारीही हसला.

प्रयोग रोज दुपारी 2 वाजून 40 मिनिटांनी. 5 ते 17 ऑगस्ट, मधली एक सुट्टी सोडून बारा प्रयोग. जागा काउगेटवर. तो रस्ता शहराच्या पुलांखालून जातो, भर दुपारीही ओल आणि अंधार. खोलीत तीस खुर्च्या, एक दिवा, वरून ग्लासांचा खणखणाट. सुरुवातीपासून पंचावन्न मिनिटांत खोली रिकामी करून द्यायची, कारण पुढचा जादूगार दाराबाहेर कबुतर घेऊन उभा असे. दिवा लावणारी मी, खुर्च्या मांडणारी मी, ‘आत या’ म्हणणारी मी, सुदामाही मीच. शेवटी प्रत्येकाला चिमूटभर कच्चे पोहे द्यायचा माझा बेत होता. बाहेरचं खाणं चालणार नाही, असं सांगण्यात आलं. मग पोहे शब्दांनीच वाढले. ‘तुमच्या पॉरिजमधल्या ओट्सचे हे भातातले चुलतभाऊ’ असं म्हटलं की लोकांना बरोबर कळायचं.

पण प्रयोग हा दिवसातला सोपा भाग. वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून फ्लेशमार्केट क्लोजच्या उभ्या पायऱ्या चढून रॉयल माइलवर पोचायचं आणि दोन तास पत्रकं वाटायची. ऑगस्टात तिथे गाड्या बंद. दगडी रस्त्यावर आगीचे खेळ करणारे, बॅगपाइपवाले, पांढरा रंग फासून पुतळे झालेले, आणि आमच्यासारखे शेकडो पत्रकवाले. एकेकाच्या पत्रकावर परीक्षणात मिळालेल्या चांदण्यांची पट्टी स्टेपल केलेली. माझं पत्रक कोरं. पहिल्या दिवशी बरोब्बर एकला किल्ल्यावरची तोफ उडाली आणि दचकून माझा गठ्ठा खाली पडला. तेवढ्यात पाऊस. ओली पत्रकं एकमेकांना चिकटतात, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं.

‘फुकट आहे, या ना’ असं म्हणत मी हिंडत होते. फुकट म्हटलं की लोक आणखी भरभर चालतात. चौथ्या दिवशी शेजारी पत्रकं वाटणाऱ्या एका पोराने मला टोकलं, ‘गोष्ट काय आहे ते सांग, किंमत नको सांगू.’ मग मी वाक्य बदललं. ‘मित्राकडे पैसे मागायला गेलात आणि न मागताच परत आलात, असं कधी झालंय?’ निम्मे लोक थबकायचे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘1983.’ पुढे काही बोलले नाहीत, पण प्रयोगाला आले.

आता बादली. प्रयोग संपल्यावर दोन मिनिटं त्याबद्दल बोलायचं असतं. मुरलेले कलाकार ते भाषण हशा घेत करतात. माझी जीभच उचलत नसे. पन्नास मिनिटं सांगितलं काय, तर बायकोने पाठवलेला सुदामा द्वारकेत पोचतो, पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवतो आणि मागायचं ते ओठावरच राहतं. आणि लगेच मी म्हणणार, टाका पैसे? पहिले तीन दिवस मी नुसतीच बादली घेऊन दाराशी उभी राहिले, नजर जमिनीला. सात पौंड, चार पौंड, साडेनऊ पौंड. गाडीभाडंही निघत नव्हतं.

ग्लासगोला परतल्यावर बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, आजोबा तरी कुठे मागायचे? ते आधी ताटाची गोष्ट सांगायचे.’ खरंच की! आरतीपूर्वी ते रोज सांगायचे, हे तेल कुणाकडचं, पेटीवाला कुठून चालत आला, उद्याच्या गावाला किती कोस. मागणं असं नव्हतंच त्यात, हिशेब होता. वारकरी परंपरेत कीर्तनाच्या जागी अन्नसुद्धा घेऊ नये म्हणतात, त्यावरून आजोबांना टोमणेही बसायचे. ते म्हणत, ‘पेटीवाल्याला पोरं आहेत.’

पाचव्या दिवसापासून मी माझा हिशेब सांगू लागले. विमान एवढं, पत्रकं एवढी, रोजचं भाडं एवढं, खोली फुकट, सुदामा फुकट. आणि वर बघून सांगू लागले. लोक हसले, थांबले. मग दुसरीच अडचण, खिशात रोख कुणाकडे नाही! आपल्याकडे कोथिंबीरवालीकडे क्यूआर असतो आणि मी इथे बादली वाजवतेय. शेवटी बहिणीच्या खात्याचा कोड छापून बादलीला चिकटवला. त्या शनिवारी अठ्ठावीस प्रेक्षक आले आणि एकशे तीन पौंड जमले. बारा प्रयोगांच्या बादलीतून पत्रकं, गाडीभाडं आणि नोंदणीची फी निघाली. विमान माझ्या खिशातून.

शेवटच्या दिवशी गाडीत बादली पिशवीत उपडी केली तर नाण्यांखाली कागदाची एक पुडी निघाली. एका वाटीपुरते पॉरिजचे ओट्स, हॉटेलच्या खोलीत ठेवतात तसले. कुणी टाकले ते मी पाहिलं नव्हतं.

रात्री बहिणीने त्याला हिंग-मोहरीची फोडणी दिली, वर कांदा, लिंबू. जरा चिकट झाले.